होतकरूंचे वाङ्मय

माझा एक भाचा गेली पंधरा-सोळा वर्षे अमेरिकेत, ओहायओ राज्यातील क्लीव्हलंड शहराजवळ राहतो. एरवी त्याचे बोलणे मोजके. पण २०२५ च्या एप्रिलात त्याचा फोन आला तेव्हा घरी मुलीचे लग्न ठरल्यासारखा त्याचा स्वर होता. म्हणाला, "मामा, यंदा आमचा दुसरा नंबर!"

मी म्हणालो, "वा! अभिनंदन. पहिला कोणाचा आला?"

"तसं नाही हो मामा. खालून दुसरा. म्हणजे आम्ही इतके हरलो, की निवडीत आमची पाळी दुसरी."

हरल्याचा इतका आनंद मी प्रथमच ऐकत होतो. अधिक विचारता त्याने मला एक जाडजूड मार्गदर्शिका धाडली, एक चित्रपट पाहायला सांगितला आणि रोज रात्री तासभर फोनवर माझी शिकवणी घेतली. पुढे संपादकांचे पत्र आले, की दिवाळी अंकासाठी एखाद्या पुस्तकाचे परीक्षण लिहावे. माझ्या टेबलावर त्या वेळी कादंबऱ्यांपेक्षा हेच सामान अधिक होते. ते वाचता वाचता माझी खात्री झाली, की हा नुसता खेळाचा मजकूर नव्हे. हा एक वाङ्मयप्रकार आहे, त्याला आपले गुण आहेत आणि दोषही आहेत. तेव्हा त्याचेच परीक्षण करतो.

प्रथम प्रकरण काय ते सांगितले पाहिजे. अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. त्यात चेंडू हाताने फेकतात, उराशी धरून पळतात आणि पळणाऱ्याला आडवा पाडतात. क्वार्टरबॅक नावाचा गडी संघाचा सारथी. चेंडू कोणाकडे जायचा ते बहुधा तोच ठरवतो. या खेळाच्या धंदेवाईक मंडळात आज बत्तीस संघ आहेत. कॉलेजांतून खेळून तयार झालेली पोरे दरवर्षी वसंतात या संघांत वाटली जातात. या वाटणीला ड्राफ्ट म्हणतात. सात फेऱ्या होतात, अडीचशेच्या आसपास मुले निवडली जातात आणि प्रत्येक फेरीत मूळ क्रम असा, की गेल्या हंगामात जो संघ सर्वांत दुबळा ठरला त्याने पहिल्याने निवडायचे. आपल्या वाचकांना २००८ पासूनचा आयपीएलचा लिलाव ठाऊक आहे. तेथे ज्याची थैली मोठी त्याचा आवाज मोठा. येथे बोली नाही. नुसती पाळी आहे.

ही कल्पना बर्ट बेल या गृहस्थाची. फिलाडेल्फिया ईगल्स हा त्याचा संघ दरिद्री आणि सदा हरणारा. चांगली मुले श्रीमंत, जिंकणाऱ्या संघांकडे जात आणि ते आणखी जिंकत. म्हणून त्याने सुचवले, की जो शेवटी त्याला प्रथम निवडू द्या. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात पहिली निवड झाली. एका फळ्यावर सुमारे नव्वद नावे खडूने लिहिली होती. मालकांपाशी मुलांची माहिती ती काय, तर बहुतेक वर्तमानपत्रांतून वाचलेली. पहिले नाव पुकारले गेले ते शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगरचे. अन् हा बरवँगर पुढे धंदेवाईक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही! पैशाचे जमले नाही, त्याने दुसरा उद्योग पत्करला आणि त्यात तो सुखी झाला. ज्या ग्रंथाचे पहिले पानच असे निघाले, त्याचे पुढचे अध्याय लोकांनी इतक्या भक्तिभावाने वाचावेत याची मौज वाटते.

आणि लोक वाचतात खरे. १९८० साली ईएसपीएन या नव्याने निघालेल्या दूरचित्रवाणी वाहिनीने हा कार्यक्रम दाखवायची परवानगी मागितली, तेव्हा मंडळाचे प्रमुख पीट रोझेल यांना प्रश्न पडला, की नावे पुकारणे कोण पाहत बसणार? २०२४ साली डेट्रॉईट शहरात तीन दिवसांत मिळून पावणेआठ लाख माणसांची हजेरी मोजली गेली. २०२५ साली ग्रीन बे या लाखभर वस्तीच्या गावात सहा लाखांची. तेथे चेंडू उडत नाही, कोणी धावत नाही, कोणी हरत नाही. एक मनुष्य व्यासपीठावर येतो, चिठ्ठीवरचे नाव वाचतो आणि एक भला थोरला मुलगा आईला मिठी मारून रडतो. एवढेच.

या दिवसाची वाट पाहण्यासाठी जे लिहिले जाते त्याचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिला लुटुपुटीच्या ड्राफ्टचा. निवड होण्याच्या कित्येक महिने आधीपासून जाणते आणि अजाणते सारेच, कोणता संघ कोणाला घेईल याच्या याद्या करतात. आज केलेली यादी उद्या खोडतात. माझ्या भाच्याने त्या वर्षी एकट्याने सतरा याद्या केल्या आणि त्यावरून त्याचे शेजाऱ्याशी दोनदा बोलणे बंद झाले. बाजारात तुरी, ही म्हण त्याला मी फोनवर ऐकवली. तो हसला नाही.

वाङ्मय म्हणून या याद्यांत फारसा जीव नाही. त्या पंचांगासारख्या आहेत. चुकल्या तरी पुढच्या वर्षी नवे पंचांग घ्यावेच लागते. खरा जीव आहे तो दुसऱ्या प्रकारात, म्हणजे एकेका मुलावर लिहिलेल्या टिपणात. इंग्रजीत अशा मुलांना जो शब्द आहे त्याला मराठीत ‘होतकरू’ याहून चांगला शब्द मला सुचत नाही. जो अजून झालेला नाही, होऊ पाहतो आहे, तो होतकरू. मार्गदर्शिकेत अशा शेकडो होतकरूंची शब्दचित्रे असतात, प्रत्येकी दहा-पंधरा ओळींची.

या प्रकाराचा एक ऋषी होऊन गेला. जोएल बुक्सबाउम त्याचे नाव. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका लहानशा बिऱ्हाडात हा अतिकृश, एकटा मनुष्य सामन्यांच्या चित्रफिती पाहत बसे आणि देशभरच्या मुलांवर टिपणे लिहीत असे. स्वतः तो धंदेवाईक खेळाडू नव्हता, की शिक्षक नव्हता. पण मोठमोठ्या संघांचे चालक त्याला फोन करून मत विचारीत. २००२ साली अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो वारला. कोणत्याही भाषेत असे लेखक असतात, जे आयुष्यभर दुसऱ्यांच्या पराक्रमाचे टिपण ठेवतात आणि स्वतः खोलीबाहेर पडत नाहीत. मला त्याच्याविषयी आदर वाटला. न पाहता लिहिणे हा लेखकाचा सर्वांत मोठा दोष, आणि हा मनुष्य तर पाहण्यातच झिजला.

टिपणांची भाषा चटकदार आहे. अमक्याचे इंजिन कधी थांबत नाही. तमक्याचे हात मऊ आहेत, म्हणजे चेंडू त्याच्या हातातून निसटत नाही. कोणाचे कंबरेतले वळण तेल घातल्यासारखे आहे. कादंबरीकार म्हणून मला अशा वाक्यांचा हेवा वाटला. माणसाचे चालणे एका ओळीत पकडणे सोपे नाही.

पण पुढे पुढे वाचताना एक गोष्ट खटकू लागली. या लेखकांनी प्रत्येक मुलाला एक छत दिलेले असते आणि एक जमीन. छत म्हणजे तो फार तर किती उंच जाईल, आणि जमीन म्हणजे वाईटात वाईट किती खाली येईल. शिवाय प्रत्येकाला एक जुनी उपमा असते. हा अमक्यासारखा, तो तमक्यासारखा. आपल्याकडेही कोणी पोरगा सरळ बॅटीने खेळला, की आपण त्याला लगेच दुसरा गावसकर करून टाकतो आणि तो पहिला कोण होता हे पाहायचे राहून जाते. एकवीस-बावीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर छत घालून द्यायचे आणि मग त्याला होतकरू म्हणायचे, यात विसंगती नाही काय?

या टिपणांना आधार म्हणून मोजमापे असतात. १९८७ पासून दरवर्षी इंडियानापोलिस शहरात सारी होतकरू मुले एकत्र आणून त्यांची परीक्षा घेतात. उंची, वजन, पंजाची लांबी, उभी उडी, चाळीस यार्डांची धाव. बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची बुद्धीची चाचणीही असे. ती तेथे २०२२ पासून बंद झाली. आपल्या घरातील वडीलधाऱ्या बायकांना हे वर्णन वाचून काही तरी आठवेल. चालून दाखव, बोलून दाखव, उंची किती, पत्रिका आणली आहे का! बघण्याच्या कार्यक्रमात पोह्यांची बशी घेऊन जिने आपली परीक्षा दिली असेल, तिला इंडियानापोलिस मुळीच परके वाटणार नाही. अमेरिकेतील काही विचारी लोक याहून कठोर बोलतात. मुले बहुसंख्येने काळी, मालक जवळजवळ सारे गोरे आणि मध्ये वजनकाटा. त्यांना आपल्या देशातील गुलामांच्या बाजाराची आठवण होते. मुलांना पुढे लक्षावधी डॉलर मिळतात, त्यामुळे ही तुलना पुरती लागू पडत नाही हे खरे. पण कोणत्या गावी, कोणाकडे नोकरी करायची हे त्या मुलाला ठरवता येत नाही, हेही खरे. बर्ट बेलने दुबळ्या संघांना न्याय दिला. त्याची किंमत मात्र मुलांनी चुकवली.

बरे, एवढे मोजून भाकिते तरी खरी ठरतात काय? २००० साली टॉम ब्रॅडी नावाचा एक क्वार्टरबॅक होता. धाव मंद, अंगकाठी किरकोळ. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले. न्यू इंग्लंडच्या संघाने त्याला सहाव्या फेरीत घेतले, तेव्हा तो १९९ वा होता. त्याने पुढे सात वेळा अजिंक्यपद मिळवले. इतकी अजिंक्यपदे दुसऱ्या कोणत्याही खेळाडूने मिळवलेली नाहीत. अगदी शेवटी निवडलेल्या मुलाला तेथे थट्टेने ‘बिनमहत्त्वाचे श्रीयुत’ म्हणतात आणि १९७६ पासून त्याचा लटका सत्कारही करतात. २०२२ साली हा मान ब्रॉक पर्डीला, २६२ व्या मुलाला मिळाला. दोनच वर्षांनी, २०२४ च्या फेब्रुवारीत, तो सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाचा सारथी म्हणून अंतिम सामन्यात उभा होता. उलट १९९८ साली पेटन मॅनिंग आणि रायन लीफ यांत श्रेष्ठ कोण यावर जाणत्यांत खरोखर वाद होता. एक महान खेळाडू झाला. दुसऱ्याची कारकीर्द थोडक्या वर्षांत आटोपली. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असे आपण म्हणतो. दिसतात ते पायच. वाट दिसत नाही.

आता चित्रपटाकडे वळू. ‘ड्राफ्ट डे’ हा २०१४ सालचा चित्रपट, दिग्दर्शक आयव्हन राइटमन. केव्हिन कॉस्टनर त्यात क्लीव्हलंड संघाचा व्यवस्थापक झाला आहे. साऱ्या कथेला एकच दिवस दिला आहे आणि घड्याळाचा उपयोग चांगला केला आहे. साऱ्या शहराला बो कॅलाहान हा देखणा क्वार्टरबॅक हवा आहे. व्यवस्थापकाला मात्र एक बातमी लागते, की कॅलाहानच्या एकविसाव्या वाढदिवसाला त्याच्या संघातील एकही सवंगडी आला नव्हता. हा तपशील मला फार आवडला. जे वजनकाट्यावर येत नाही ते कथाकाराने नेमके दाखवले. शेवटी व्यवस्थापक व्हॉन्टे मॅक या बचावाच्या गड्याला घेतो, आणि कळते, की सकाळीच त्याने त्याचे नाव चिठ्ठीवर लिहून ठेवले होते.

येथेच चित्रपट मला थोडा लबाड वाटला. व्यवस्थापकाच्या अंतःकरणाचा कौल खरा, असे प्रेक्षकाने मानून घरी जायचे. पण तो खरा ठरल्याचे दिसते कोठे? नव्या हंगामाचा पहिला सामना सुरू होण्याआधीच पडदा पडतो! कथाकाराला ठाऊक आहे, की चेंडू एकदा उडाला की ही गोष्ट संपली. वाढदिवसाला मित्र आले नाहीत म्हणून मुलगा वाईट, हाही एक वजनकाटाच झाला. फक्त त्यावर आकड्यांऐवजी सद्गुण लिहिले आहेत.

नियतीने या चित्रपटाचे परीक्षण माझ्याआधीच केले आहे. तो एप्रिलात लागला आणि मे महिन्यात खऱ्या क्लीव्हलंडने जॉनी मँझिएल या गाजलेल्या क्वार्टरबॅकला बाविसाव्या क्रमांकावर घेतले. गावात जल्लोष झाला. दोन हंगामांत तो मुलगा संघाबाहेर गेला.

या क्लीव्हलंडची कथा चित्रपटाहून करुण आहे. १९९५ च्या हंगामानंतर मालकाने संघच उचलून बाल्टिमोरला नेला. १९९९ साली गावाला पुन्हा संघ मिळाला आणि पहिल्या पाळीला टिम काउच हा क्वार्टरबॅक मिळाला. तो टिकला नाही. त्याच्या नावाच्या एका सदऱ्यावर कोणी चाहत्याने पट्टी चिकटवून त्याच्या जागी आलेल्याचे नाव लिहिले; मग त्याखाली पुढच्याचे. नावांची ती रांग सदऱ्याच्या पाठीवरून खाली लोंबू लागली. २०१७ च्या हंगामात संघ सोळाच्या सोळा सामने हरला. तेव्हा ६ जानेवारी २०१८ रोजी, हाडे गोठवणाऱ्या थंडीत, चाहत्यांनी मैदानाभोवती शून्याच्या आकारात मिरवणूक काढली. माझा भाचा त्या मिरवणुकीत होता. मी विचारले, "अरे, मग दुसरा एखादा संघ का धरत नाहीस?" म्हणाला, "मामा, एप्रिल असतो ना दरवर्षी."

हे उत्तर ऐकल्यावर या वाङ्मयावर नुसती टीका करणे मला जमेना. आमच्या शाळेत पहिला आलेल्याला पहिले बक्षीस मिळते आणि शेवटच्या बाकाला काहीच मिळत नाही. अमेरिकेसारख्या चढाओढीच्या देशात निदान एक रात्र अशी आहे, की शेवटच्या बाकाला प्रथम उठवून विचारतात, ‘बोल बाबा, तुला काय हवे?’ ही रात्र लोकांना प्रिय व्हावी यात नवल नाही. त्या रात्री बत्तीसही गावे सारखीच आशावादी असतात. भाकिते चुकतात हे चाहत्यांना ठाऊक आहे. दिवाळीच्या पहाटे आपणही नव्या वर्षाचे भविष्य वाचतोच की!

दोष आशेत नाही. आशा ज्याच्या खांद्यावर टाकायची त्याचा चेहरा विसरण्यात आहे. १९९९ साली फिलाडेल्फियाच्या काही चाहत्यांना रिकी विल्यम्स हवा होता. संघाने डोनोव्हन मॅकनॅबचे नाव पुकारले, तेव्हा ते न्यूयॉर्कच्या सभागृहात उभे राहून ओरडले, त्याची हुर्यो केली. त्या मुलाने अजून त्यांच्या संघासाठी एक पाऊलही टाकले नव्हते. आयुष्यातील सर्वांत आनंदाच्या क्षणी त्याने आपली हुर्यो ऐकली. पुढे त्याच मॅकनॅबने त्यांच्या संघाला २००५ साली अंतिम सामन्यात नेले. पण तो तसा निघाला नसता, तर ओरडणारे बरोबर ठरले असते काय? मला वाटते, नाही.

२०२५ सालीही असेच पाहायला मिळाले. शेडूर सँडर्स, एका थोर खेळाडूचा मुलगा, पहिल्या फेरीत जाईल असे मार्गदर्शिका सांगत होत्या. पहिली रात्र गेली, दुसरी गेली. सजवलेल्या खोलीत मुलगा फोनची वाट पाहत बसला आणि सारा देश त्याच्याकडे पाहत बसला. मध्येच कोणी टवाळाने संघाचा माणूस असल्याचे सोंग करून त्याला खोटा फोन केला. तिसऱ्या दिवशी पाचव्या फेरीत, १४४ व्या क्रमांकावर, त्याला घेतले ते क्लीव्हलंडनेच. भाचा त्या रात्री फोनवर म्हणाला, "मामा, माझ्या सतराही याद्या चुकल्या." मग थोडे थांबून म्हणाला, "पण त्या पोराचं तोंड बघवत नव्हतं."

सतरा याद्यांपेक्षा हे एक वाक्य मला मोलाचे वाटले.

हे सारे मी एवढ्या आस्थेने का लिहितो आहे, तेही सांगून टाकतो. वीस वर्षे झाली, मीही टिपणेच लिहितो. त्यांना प्रगतिपुस्तकातील शेरे म्हणतात. एका वार्षिक परीक्षेनंतर चाळीस पुस्तके पुढ्यात होती, रात्र झाली होती, आणि एका मुलाच्या पुस्तकात मी लिहिले, ‘कुवत सामान्य. फार अपेक्षा ठेवू नये.’ मला वाटले, बापाला खरे ते कळावे. कित्येक वर्षांनी आमच्या विहिरीवरचा पंप बिघडला, तेव्हा दुरुस्तीला आला तो हाच. काम नेटके केले, पैसे घेताना संकोचला. चहा घेताना हसत म्हणाला, "सर, तुमचा शेरा अजून पाठ आहे." आणि त्याने तो शब्दन् शब्द म्हणून दाखवला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो टॉम ब्रॅडी झाला नव्हता. चांगला कारागीर झाला होता. माझा शेरा खोटा ठरला असेही कोणी म्हणणार नाही. पण एक छत मी त्याच्या डोक्यावर घातले होते, आणि ते त्याने इतकी वर्षे वागवले होते. त्याच्या हातांत यंत्राची जाण आहे हे माझ्या लेखणीला दिसले नव्हते, कारण तो रकानाच पुस्तकात नव्हता.

म्हणून या मार्गदर्शिकांच्या लेखकांना माझे एकच सांगणे आहे. पाहा, मोजा, चटकदार लिहा. तुमचे पाहणे आम्हा कादंबरीकारांनी शिकावे असे आहे. मात्र शेवटची ओळ लिहिताना हात थोडा आखडता घ्या. मुलगा काय करतो ते लिहा, तो काय होईल ते त्याच्यासाठी सोडा.

या एप्रिलात भाचा पुन्हा याद्या करील. शेजाऱ्याशी पुन्हा भांडेल. मीही फोनची वाट पाहीन, कारण आता मलाही त्या गावाची काळजी लागली आहे. आणि परीक्षेनंतर प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा माझ्या पुढ्यात येईल, तेव्हा शेऱ्याच्या रकान्यापाशी मी जरा अधिक वेळ थांबेन.